मोटारीच्या कांतीची राखण : लेप कीं पापुद्रा?

गेल्या दसऱ्यास माझ्या पुतण्यानें पुण्यास नवी मोटार घेतली. गाडी ताब्यांत मिळण्यापूर्वींच विक्रेत्याच्या माणसानें त्याच्यापुढें दोन दरपत्रकें मांडलीं. एक काचेसारख्या कठीण लेपाचें, दुसरें पारदर्शक फिल्मचें. दोन्हींच्या माथ्यावर आश्वासन एकच छापलेलें होतें, कीं गाडीचा रंग वर्षानुवर्षें नव्यासारखा राहील. परंतु दुसऱ्याचा आंकडा पहिल्याच्या जवळजवळ पांचपट होता. "काका, यांतलें कोणतें घेऊं?" असें त्यानें मला फोनवरून विचारलें. मोटारींतलें मला फारसें कळतें अशांतला भाग नाहीं. माझें सारें आयुष्य शाळेंत खडू झिजविण्यांत गेलें. परंतु माझे वडील मिरजेस टांगे, बैलगाड्या आणि पुढें बसगाड्या रंगविण्याचा धंदा करीत, आणि त्यामुळें रंगाविषयींचा कोणताहि प्रश्न आमच्या कुटुंबांत अद्याप मजकडेच येतो. पुतण्याला उत्तर द्यावें म्हणून मीं जी शोधाशोध केली, तींत एक मोठा मनोरंजक इतिहास हातीं लागला. तोच आज श्रोत्यांपुढें ठेवीत आहें.

बाजारांत या दोन वस्तूंस 'सिरॅमिक कोटिंग' आणि 'पेंट प्रोटेक्शन फिल्म' अशीं भारदस्त नांवें आहेत. आपण बोलण्याच्या सोयीसाठीं पहिलीस लेप व दुसरीस पापुद्रा म्हणूं. लेप हा द्रव असतो. तो फडक्यानें चोळतात, आणि वाळल्यावर तो रंगाला घट्ट धरून बसतो. पापुद्रा कारखान्यांत तयार होऊन गुंडाळीनें येतो, तो गाडीवर चिकटवितात, आणि पुढें केव्हां तरी सोलून काढतात. या रीति कालपरवांच्या दिसतात. पण त्यांच्या मागचा प्रश्न घोड्याच्या गाडीइतका जुना आहे.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंड-फ्रान्सकडे उत्तम बग्गी रंगवावयास कित्येक आठवडे लागत. लाकडावर प्रथम अस्तर, मग लांबी, मग दगडानें घांसून सपाटी, मग रंगाचे हात, आणि सर्वांच्या वर व्हार्निशाचे हात. एक हात पुरता वाळल्यावांचून दुसरा देतां येत नसे. धुळीचा कण बसूं नये म्हणून व्हार्निशाच्या खोलींत जमिनीवर पाणी शिंपीत आणि दारें लावून घेत. रंगानें दिसावें आणि व्हार्निशानें सोसावें, अशी ही कामाची वांटणी होती. पॅरिसमध्यें मार्टिन नांवाच्या बंधूंनीं चिनी-जपानी लाखकामाच्या धर्तीवर जें व्हार्निश बनविलें, त्यास त्यांचेंच नांव पडलें आणि तें सरदार-दरकदारांच्या गाड्यांवर झळकूं लागलें.

हें व्हार्निश होई कशाचें? जवसाचें तेल, टर्पेंटाईन, आणि कोपल नांवाची राळ. उत्तम कोपल आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, झांजिबारच्या समोरील मुलखांत, जमिनींतून खणून काढीत. ज्या झाडांची ती राळ, तीं झाडें त्या जागेवरून केव्हांच नाहींशीं झालेलीं असत. राळ तेवढी मातींत राहून कठीण झालेली असे. यांतील बराच माल मुंबई बंदराच्या वाटेनें युरोपांत जाई, आणि म्हणून तिकडील व्यापारी त्यास 'बॉम्बे कोपल' असेंहि म्हणत. मुंबईनें न पिकविलेल्या मालाला मुंबईचें नांव मिळाल्याचा हा कांहीं एकच दाखला नसावा.

आपल्या देशांत लाख विपुल असतांना ही आफ्रिकेची राळ कशाला, असा प्रश्न मला पडला होता. लाखेचे किडे झाडांच्या फांद्यांवर जी राळ सोडतात, तिचाच चपडा होतो. तो स्पिरिटांत विरघळवून लाकडावर चोळला कीं आरशासारखी चकाकी येते. सावंतवाडीच्या लाखकामाची झळाळी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ही गोष्ट सांगावयास नको. परंतु चपड्याच्या थरावर पाणी सांचून राहिलें तर तो पांढुरका पडतो. दिवाणखान्यांतील कपाटाला तो शोभतो, पावसांत उभ्या राहणाऱ्या गाडीला नाहीं. एकाच गुणाची दोन द्रव्यें समोर असतांना कारागिरानें चकाकी पाहिली नाहीं, शत्रु कोण आहे तें पाहिलें, एवढें येथें लक्षांत ठेवावें. पुढें आपणांस त्याचा उपयोग आहे.

व्हार्निशाचें आयुष्यहि बेताचेंच असे. उन्हानें तें पिवळें पडे, पुढें तडके. तबेल्यांतून येणाऱ्या अमोनियाच्या वाफेनें त्याची कांति जाई; म्हणून बग्गीखाना तबेल्यास लागून नसावा, असें त्या काळचे कारागीर बजावीत. मग मालक गाडी पुन्हा कारखान्यांत धाडी. तेथें वरचें व्हार्निश घांसून टाकीत, नवे हात देत, आणि खालचा रंग जसाच्या तसा राही. माझे वडील टांग्याला शेवटचा हात देतांना म्हणत, "हा हात गाडीचा नव्हे रे, पावसाचा." मला लहानपणीं वाटे, मृग जवळ आला म्हणून ते असें म्हणत असतील. त्यांच्या बोलण्यांतील मर्म मला फार उशिरां कळलें. हा थर त्यांनीं पावसाला देऊन टाकलेला असे. तो जावयाचाच, तो गेला म्हणजे खालचा वांचतो.

मुंबईंत मोटारी दिसूं लागल्या त्या १८९८ च्या सुमारास. त्या वेळच्या मोटारी म्हणजे घोडे सोडलेल्या बग्ग्याच. त्यांचे सांगाडे लाकडी, त्यांचे कारागीर बग्गीवाले, आणि त्यांचा रंगहि बग्गीचाच, म्हणजे आठवडेच्या आठवडे वाळणारा. मोटारी हातानें होत होत्या तोंवर याची कोणास खंत नव्हती. पण १९१३ सालीं अमेरिकेंत फोर्डच्या कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली, आणि ज्या कारखान्यांत यंत्र कांहीं तासांत जुळून तयार होई, तेथें रंग वाळण्याची वाट पाहत बसणें परवडेना. १९१४ पासून १९२५ पर्यंत फोर्डची 'मॉडेल टी' गाडी काळ्या रंगांतच मिळत असे, हें पुष्कळांस ठाऊक असेल. तो काळा रंग म्हणजे खनिज अस्फाल्ट आणि जवसाचें तेल यांचें रोगण. तें भट्टींत भाजून लौकर वाळवितां येई, स्वस्त पडे आणि टिके. ज्यांस तांबडी किंवा निळी गाडी हवी असे, त्यांनीं अधिक पैसे मोजून इतर कंपन्यांच्या दारांत थांबावें.

ही कोंडी फुटली ती बंदुकीच्या दारूच्या एका नातलगामुळें. कापसावर नत्राम्लाची क्रिया केली म्हणजे नायट्रोसेल्युलोज होतें. त्याचाच एक प्रकार स्फोटक म्हणून पहिल्या महायुद्धांत अमाप खपला. युद्ध संपलें आणि एवढाल्या कारखान्यांचें करावयाचें काय, हा प्रश्न ड्यू पाँट कंपनीपुढें उभा राहिला. नायट्रोसेल्युलोजचें रोगण पूर्वींहि होतें, पण तें इतकें घट्ट, कीं फवाऱ्यानें मारावयाचें तर पातळ करतां करतां त्यांत रंगद्रव्याचा अंश उरेना. १९२० सालच्या उन्हाळ्यांत न्यू जर्सी संस्थानांतील पार्लिन येथील कारखान्यांत अशा द्रावणाचें एक पिंप कामाच्या खोळंब्यामुळें तसेंच उकाड्यांत राहिलें. उघडून पाहतात तों आंतील पदार्थ पातळ झालेला! पातळ असूनहि त्यांत घन द्रव्य भरपूर होतें. या अपघातांतून 'ड्यूको' निघालें. जनरल मोटर्सचे चार्ल्स केटरिंग हे अशाच रंगाच्या शोधांत होते. एका दुकानांतील लहानशा तबकावरचें रोगण पाहून त्यांनीं त्याचा माग काढला, अशी हकीकत सांगतात. १९२३ सालीं त्यांच्या ओकलंड गाड्या निळ्या ड्यूकोंत रंगून बाजारांत आल्या. आठवड्यांचें काम आतां तासांवर आलें, आणि रस्ते रंगीबेरंगी झाले.

हा भाग मोटारींच्या इतिहासांत सर्वत्र आनंदानें सांगितलेला आढळतो. त्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच कोणी सांगतो. ड्यूको आलें आणि व्हार्निश गेलें. बग्गीवर जो थर पावसाला दिलेला होता, तो आतां राहिलाच नाहीं. रंगच उघडा पडला. कांहीं महिने उन्हांत उभी राहिली कीं गाडी खडूसारखी पांढरट दिसूं लागे, आणि ती घांसावी तेव्हां फडक्याला गाडीचाच रंग लागे. बग्गीची राखण रंगाऱ्यानें करून दिलेली असे. मोटारीची राखण मालकाच्या गळ्यांत पडली, आणि एकदां ती मालकाच्या गळ्यांत पडल्यावर तिचा बाजार झाला. आज माझ्या पुतण्यासमोर जीं दोन दरपत्रकें ठेविलीं गेलीं, त्यांचा उगम मीं येथें धरतों.

पहिली वस्तु बाजारांत आली ती मेण. सायमोनाईझ या नांवाचें मेण शिकागोहून १९१० पासूनच निघत होतें. ड्यूकोनंतर अशा मालाचा खप उदंड झाला. त्यांतील श्रेष्ठ मेण कार्नोबा नांवाच्या ताडाचें. ब्राझील देशाच्या ईशान्य भागांत पाऊस कमी आणि ऊन फार. तेथील हें झाड आपल्या पानांतलें पाणी उडूं नये म्हणून पानांवर मेणाचा थर धरतें. पानें कापून, वाळवून, झोडपून तें मेण गोळा करतात. तें सुमारें ८२ ते ८६ अंश सेल्सियस उष्णतेस वितळतें, म्हणजे मधमाशीच्या मेणाहून पुष्कळच वर. या झाडाचा पुरवठा पुढें टिकेल कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं अमेरिकेंतील रसीन गांवच्या जॉन्सन मेण-कंपनीचे अध्यक्ष हर्बर्ट जॉन्सन १९३५ सालीं स्वतः पाण्यावर उतरणाऱ्या विमानानें ब्राझीलला गेले होते. ताडाच्या पानावरचें मेण पाहावयास एक गृहस्थ विमानानें खंड ओलांडून जातो, यावरून त्या धंद्याचा पसारा ध्यानीं येईल.

मेणाचें काम प्रामाणिक होतें. पाणी त्याच्यावर थेंबाथेंबांनीं उभें राहतें, धूळ चिकटत नाहीं, ऊन थोडें अडतें. आणि कांहीं आठवड्यांनीं तें निघून जातें. तें निघून जातें, ही मेणाची निंदा नव्हे. तो पावसाचाच हात, फक्त फार पातळ आणि रविवारच्या रविवारीं मालकानें स्वतः द्यावयाचा. पण माणसाला घांसण्याचा कंटाळा येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मेणांत सिलिकोन तेलें मिसळूं लागले. हात न दुखतां चकाकी येऊं लागली, ती टिकूंहि लागली, आणि रंगाऱ्यांच्या मागें एक नवीनच पीडा लागली. सिलिकोन लागलेल्या पत्र्यावर नवा रंग मारला तर तो जागोजाग फांकून माशाच्या डोळ्यांसारखीं भोंकें पडतात. वडिलांकडे एकदां एक खाजगी मोटार अपघातानंतर रंगवावयास आली होती. तिचें दार तीन वेळां खरवडून तीन वेळां रंगविलेलें मला आठवतें. चौथ्यांदां त्यांनीं कशानें तरी तें धुतलें आणि मगच रंग बसला. त्या दिवशीं ते जेवले नाहींत.

मेणानंतर टेफ्लॉनची पाळी आली. हें द्रव्य १९३८ च्या एप्रिलांत ड्यू पाँट कंपनीच्या रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञास अकल्पितपणें सांपडलें. त्यास कांहींच चिकटत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. तेंहि कशास सहजासहजीं चिकटत नाहीं, ही त्याची अडचण. तव्यावर तें बसवावयाचें तर पत्रा खरखरीत करून, खालीं निराळा थर देऊन, तीनशें अंशांहून अधिक उष्णतेंत भाजावें लागतें. मोटारीस असें भाजलें तर रंग, रबर, गादी कांहींच उरणार नाहीं. म्हणजे थंड गाडीवर फडक्यानें चोळलेल्या टेफ्लॉनचा तव्यावरील टेफ्लॉनशीं नांवापलीकडे फारसा संबंध राहत नाहीं. हें ज्ञान मला २००४ सालीं असतें तर बरें झालें असतें. त्या वर्षीं मीं आयुष्यांतली पहिली आणि शेवटची मोटार घेतली, आणि एका विक्रेत्याच्या सांगण्यावरून एका महिन्याच्या पगारांतला चांगलाच हिस्सा या लेपावर खर्चिला. दुसरा पावसाळा येण्याच्या आंत गाडी शेजाऱ्याच्या लेपरहित गाडीसारखीच दिसूं लागली. शेजारी सज्जन, तो कांहीं बोलला नाहीं. पण मुलांस पदार्थविज्ञान शिकविणारा मास्तर असा फसला, ही टोंचणी अद्याप गेलेली नाहीं.

दरम्यान कारखान्यांत एक महत्त्वाची गोष्ट होऊन गेली होती. १९७० नंतरच्या काळांत युरोपांत धातूच्या चमकीचे रंग राखण्यासाठीं वरून एक स्वच्छ, रंगहीन थर देऊं लागले. १९८० नंतर तोच प्रघात जगभर पडला. इंग्रजींत त्यास 'क्लिअर कोट' म्हणतात. वस्तुतः हें बग्गीचें व्हार्निशच परत आलें. कोपलच्या जागीं आतां ॲक्रिलिक व पॉलियुरेथेन यांसारख्या कृत्रिम राळा आहेत, एवढाच फरक. पत्रा गंजूं नये याची तजवीज तर सर्वांत खालच्या थरांत आधींच झालेली असते. सारा सांगाडा द्रवांत बुडवून, विजेच्या योगानें तो थर कानाकोपऱ्यांत बसवितात. म्हणजे आजची नवी मोटार आपल्या दारीं येते तीच चिलखत घालून. या स्वच्छ थराची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरचा केंस सुमारें ७० मायक्रॉनचा. तेव्हां विक्रेता "गाडीच्या रंगावर संरक्षण घ्या" म्हणतो, तें खरें म्हणजे संरक्षणाचें संरक्षण असतें. तें घेऊं नये असें मीं म्हणत नाहीं. कशापासून, हें मात्र विचारावें.

आतां हल्लींच्या लेपाकडे वळूं. याचें मूळ द्रव्य सिलिकॉनचीं संयुगें. हीं हवेंतल्या ओलाव्याशीं संयोग पावून रंगावर काचेच्या जातीचें जाळें विणतात आणि रंगास घट्ट धरतात. मेण केवळ वर बसतें. हा लेप चिकटून राहतो, म्हणून तो महिन्यांवर न जातां वर्षांवर टिकतो. पाणी त्यावरून घरंगळतें, चिखल सहज सुटतो, साबणानें तो जात नाहीं. पांखरांच्या विष्ठेंत अम्लें व पाचक द्रव्यें असतात. तीं स्वच्छ थराला खाण्यापूर्वीं या लेपामुळें थोडी सवड मिळते. इथपर्यंत सर्व ठीक. परंतु याची जाडी बहुधा एक-दोन मायक्रॉनच भरते. आणि त्यापुढें जाहिरातींत लिहिलेलें असतें, 'काठिण्य ९ एच्'.

या 'एच्'नें पुष्कळ सुशिक्षितांस चकविलें आहे. लोकांस वाटतें, हिऱ्याचें काठिण्य दहा, तेव्हां नऊ म्हणजे माणकाच्या जवळपास. तो हिशेब निराळा. तो मोहस् या जर्मन खनिजशास्त्रज्ञाचा, १८१२ सालचा. हा 'एच्' आमच्या शाळेंतल्या पेन्सिलीवरचा आहे! १७९५ सालीं फ्रान्समध्यें काँते यानें ग्राफाईटांत माती मिसळून भाजण्याची युक्ति काढली. माती अधिक तितकी पेन्सिल कठीण. रंगाच्या परीक्षेसाठीं अशा मऊ-कठीण पेन्सिली ओळीनें पृष्ठभागावर दाबून ओढतात, आणि ज्या पेन्सिलीनें ओरखडा उठत नाहीं तिचा अंक त्या रंगास देतात. ९ एच् ही त्या ओळींतली शेवटची पेन्सिल. म्हणजे या अंकाचा अर्थ एवढाच, कीं भूमितीच्या पेटींतल्या कठिणांत कठीण पेन्सिलीनें हा लेप ओरखडला नाहीं. रस्त्यावरील वाळूचा कण पेन्सिल नसतो. त्याचें काठिण्य मोहस् यांच्या मापानें सात असतें, आणि सुक्या फडक्यानें गाडी पुसतांना आपणच तो कण लेपावरून फिरवीत असतों.

आणखी एक गोष्ट. बोअरिंगच्या क्षारयुक्त पाण्यानें धुतलेली लेपदार गाडी उन्हांत तशीच सोडली, तर उभे राहिलेले थेंब वाळून प्रत्येकाच्या जागीं पांढरें कडें उमटतें. पाणी मोत्यासारखें उभें राहतें हें पाहून मालक खूष होतो. तेच मोती पुढें डाग होतात. लेप घेणाऱ्यानें गाडी पुसण्याचा कंटाळा करून चालत नाहीं, हें दरपत्रकांत लिहिलेलें नसतें.

पापुद्र्याची कुळकथा अगदींच वेगळी आहे. तो सौंदर्याच्या नव्हे, युद्धाच्या पोटीं जन्मला. पॉलियुरेथेन हें द्रव्य जर्मनींत ओट्टो बायर यांनीं १९३७ सालीं शोधून काढलें. पुढें व्हिएटनामच्या युद्धांत अमेरिकन हेलिकॉप्टरें धुळीच्या मैदानांत उतरत, तेव्हां उडालेली वाळू त्यांच्या फिरत्या पात्यांची पुढची धार खाऊन टाकी. पातें धातूचें, तरीहि खाल्लें जाई. त्यावर थ्री-एम कंपनीनें जो उपाय दिला, तो अधिक कठीण धातूचा नव्हता. पॉलियुरेथेनची मऊ, चिवट, चिकटपट्टी! वाळूचा कण आदळला कीं पट्टी दबे आणि पुन्हा वर येई. आघाताचें बळ तिच्या लवचिकपणांत जिरून जाई. पातें कापणारी वाळू रबरासारख्या पट्टीपुढें हरली. विद्यार्थ्यांस काठिण्य आणि चिवटपणा यांतील भेद समजावतांना आम्ही काचेची गोळी आणि रबरी चेंडू दाखवीत असूं. हें उदाहरण मला नोकरींत असतांना ठाऊक असतें तर किती बरें झालें असतें.

युद्धानंतर ही पट्टी शर्यतीच्या मोटारींच्या तोंडावर गेली, आणि १९९० नंतरच्या दशकांत सामान्य मालकांच्या बॉनेटवर. आरंभीं ती जाड, कडक आणि लावावयास कठीण होती. उन्हानें पिवळी पडे, आणि पांढऱ्या गाडीवर तर फारच विद्रूप दिसे. हळूहळू तिच्यावरहि एक पातळ स्वच्छ थर आला, म्हणजे राखणाऱ्याला राखणारा. २०१० नंतरच्या पापुद्र्यांत तर असा गुण आहे, कीं वरवरचा ओरखडा उन्हानें किंवा ऊन पाण्यानें आपोआप भरून येतो. त्या थराचे रेणु ऊब मिळतांच आपल्या मूळ जागीं परततात. मात्र हें वरच्या थरांतल्या रेघोट्यांपुरतेंच. पापुद्रा फाटला किंवा कापला गेला तर तो जुळत नाहीं.

त्याची जाडी १५० ते २०० मायक्रॉन. लेपाच्या एक-दोनाशीं हा आंकडा ताडून पाहिला, म्हणजे ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याला कोण अडवील, हें वेगळें सांगावें लागत नाहीं. पण त्याचेहि दोष आहेत, आणि ते मोठे आहेत. तो महाग. त्याच्या कडांशीं मळ धरतो. अडाणी कारागीर तो गाडीवरच ठेवून पात्यानें कापतो आणि ज्या रंगासाठीं एवढा खटाटोप, त्यावरच रेघ ओढतो. गाडीचा एखादा भाग पूर्वीं कोठें तरी कसाबसा रंगविलेला असेल, तर पापुद्रा सोलतांना तो रंगहि बरोबर येतो. शिवाय बाजारांत पॉलियुरेथेनच्या नांवाखालीं साधा पी. व्ही. सी. खपवितात, तो ताणला कीं ताठर लागतो, आणि उन्हांत लौकर पिवळा होऊन तडकतो. या पापुद्र्याची आणि खिडक्यांच्या काचांवरील काळ्या फिल्मची गल्लत करूं नये. काचांवर फिल्म चिकटविण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं मनाई केली, तो निराळा विषय.

पुतण्याला मीं काय सांगितलें? प्रथम विचारलें, गाडी उभी कोठें असते आणि धांवते कोठें. उभी असते सोसायटीच्या छपराखालीं. धांवते दर पंधरवड्यास पुण्याहून मिरजेस, साताऱ्याच्या रस्त्यानें, पुढें ट्रक, मागें ट्रक. म्हणजे त्याचा शत्रु ऊन नव्हे, पांखरें नव्हेत. त्याचा शत्रु खडा. त्याची गाडी कोंकणांत आंब्याखालीं उभी राहणारी असती, किंवा दादरला कबुतरांच्या वळचणीखालीं, तर मीं त्यास लेप घेण्यास सांगितलें असतें, नाहीं तर साधें मेण, आणि राहिलेल्या पैशांचीं पुस्तकें. सारी गाडी पापुद्र्यानें मढविण्याची विक्रेत्याची सूचना मला पटली नाहीं. खडा छतावर येऊन आदळत नाहीं. बॉनेट, पुढचा बंपर, बाजूचे आरसे आणि दारांच्या मुठींमागची खोलगट जागा, जेथें नखें लागतात, एवढ्यांनाच पापुद्रा लावावा. बाकी गाडी पाण्यानें धुवावी, ओल्या मऊ फडक्यानें टिपावी. आणि पैसे देण्यापूर्वीं विक्रेत्याकडून दोन गोष्टी लिहून घ्याव्या: द्रव्य कोणतें, आणि जाडी किती मायक्रॉन.

पुतण्यानें तसें विचारलें. विक्रेत्याचा माणूस "आंत विचारून येतों" म्हणून गेला तो पाऊण तास परत आला नाहीं. परत आला तेव्हां त्याच्या हातांत तिसरेंच दरपत्रक होतें, निम्म्या आंकड्याचें. आणि त्यावर दोन्ही गोष्टी स्वच्छ अक्षरांत लिहिलेल्या होत्या.

गेल्या महिन्यांत तो गाडी घेऊन मिरजेस आला. खंबाटकीच्या घाटापुढें एका डंपरमधून कांहीं तरी उडालें आणि बॉनेटवर ताडकन् आवाज झाला, असें सांगत होता. मीं वडिलांचें जुनें भिंग काढलें आणि दोघांनीं उन्हांत वांकून पाहिलें. पापुद्र्याला ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा पडला होता. खालचा रंग शाबूत. छतावर मात्र वाटेंत कोठेंसें पांखरानें घाण केली होती. ती भिजविण्यासाठीं मीं त्याला ओलें फडकें दिलें आणि पांच मिनिटें थांबावयास सांगितलें.